केंट काउंटी कौन्सिलचा निकाल: ८१ पैकी ५७, आणि मी मोजायला बसलो होतो

मेडस्टनमुक्कामी
३ मे २०२५, सकाळी ११:२०

मंडळी, काल संध्याकाळी घरी आलो तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं पाण्यात भिजवून ठेवल्यासारखी सुरकुतली होती. दिवसभर रबरी टोप्या घालून मतपत्रिका मोजल्या. होय, केंट काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीत मी मोजणीला होतो, तासावर पैसे. बायको म्हणाली, रजा टाकून कागद मोजायला जाणारा तूच.

निकाल तुम्ही वाचला असेलच, तरी एकदा मांडतो. एकूण जागा ८१. रिफॉर्म यूके (नायजेल फराज यांचा, स्थलांतराला विरोध करणारा पक्ष) ५७, लिबरल डेमोक्रॅट १२, हुजूर पक्ष ५, ग्रीन ५, मजूर पक्ष २. गेल्या खेपेला, म्हणजे २०२१ मध्ये, हुजूर पक्षाचे साठच्या वर सदस्य होते आणि १९९७ पासून इथली सत्ता त्यांचीच. साठावरून पाच! कौन्सिलचे नेते रॉजर गॉफ यांना स्वतःची जागासुद्धा राखता आली नाही. आणि हे फक्त केंटचं नाही. परवा इंग्लंडमध्ये २३ कौन्सिलांची निवडणूक झाली, त्यातल्या १० रिफॉर्मने स्पष्ट बहुमताने घेतल्या. हुजूर पक्षाच्या हातात ज्या होत्या त्यातली एकही उरली नाही.

विश्लेषण टीव्हीवर ढीगभर चाललंय. मी मोजणीचं सांगतो.

पेटी टेबलावर उपडी करतात. पहिल्या फेरीत कुणाला किती हे बघायचंच नाही. कागद किती एवढंच मोजायचं, आणि तो आकडा मतदान केंद्राच्या हिशेबाशी जुळला पाहिजे. कागदाचं तोंड वर ठेवायचं, कारण पाठीवर क्रमांक छापलेला असतो आणि तो कुणाला दिसता कामा नये. हिशेब जुळला की मग उमेदवारवार गठ्ठे. टेबलापलीकडे पक्षांचे प्रतिनिधी छातीला रंगीत फितीची फुलं लावून उभे. कागदाला हात लावायची त्यांना मुभा नाही, पण नजर अशी रोखलेली असते की आपला हात आपोआप जपून चालतो. त्यांचं खरं काम पहिल्या फेरीतच होतं. कागद आपल्या बोटांखालून सरकताना फुली कुठल्या नावासमोर आहे ते टिपायचं, वहीत पाच-पाचच्या काड्या मारायच्या.

माझ्यासमोर हुजूर पक्षाचं निळं फूल लावलेल्या एक बाई होत्या, साठीच्या पुढच्या. वहीत पट्टीने रकाने आखून आणले होते. साडेअकराच्या सुमारास मान वर करून बघतो तर त्यांच्या काड्या थांबलेल्या. पेनाला टोपण लावलं, वही पर्समध्ये टाकली, आणि तरी निकाल वाचेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. शेवटी टाळ्याही वाजवल्या. रिफॉर्मच्या फिरोजी फूलवाल्यांचा गोंधळ वेगळा. आपण जिंकतोय हे त्यांनाच खरं वाटत नव्हतं. एक पोरगा मला सारखा विचारत होता, 'हा गठ्ठा कुणाचा?' त्याच्याच उमेदवाराचा होता. आम्ही काही बोलायचं नसतं, मी आपला कागद सारखे करत राहिलो.

बाद मतपत्रिकांचा एक ट्रे असतो. निवडणूक अधिकारी एकेक कागद वर धरून सगळ्यांना दाखवतात आणि निर्णय देतात. त्यात बरंच साहित्य असतं, इथे लिहिण्यासारखं नाही.

मला दिवसभर एकच गोष्ट डाचत होती. ज्या संस्थेसाठी हे कागद होते तिचा निम्म्याहून बराच जास्त पैसा म्हाताऱ्यांची शुश्रूषा, अपंगांची काळजी आणि अनाथ-निराधार मुलं यावर जातो. उरलेल्यात रस्ते, वाचनालयं, कचऱ्याची विल्हेवाट. गेले दोन महिने दारात पडलेल्या पत्रकांत मात्र इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या स्थलांतरितांच्या बोटी, बोटी आणि बोटी. शुश्रूषेबद्दल एक ओळ सापडली नाही मला. कुठल्याच पक्षाच्या पत्रकात, हे मुद्दाम सांगतो.

तुमच्या काउंटीत काय झालं ते लिहा.

—

चहाचा_कप
३ मे, ११:४१

रुमाल टाकून ठेवते. पोरांना पोहायला सोडून येते मग वाचते.

—

कृष्णाकाठ
३ मे, दुपारी १२:३०

लेख फक्कड. मी सातारा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो, त्यामुळे फारच जवळचा विषय. कागदी मतपत्रिकांच्या काळात आम्हीही मोजल्यात हो. रबरी टोप्या कुठल्या, प्लॅस्टिकच्या डबीत ओला स्पंज असायचा, दुपारपर्यंत त्याला वास यायचा.

शंका अशी. काउंटी कौन्सिल म्हणजे आपली झेडपी का? अध्यक्ष, सभापती असतात का? आणि मतपत्रिकेच्या पाठीवर क्रमांक कशाला? मग मत गुप्त कसं राहिलं?

—

मेडस्टनमुक्कामी
३ मे, १:०५

काका, ढोबळ मानाने झेडपीच. काउंटीचा एक मतदारसंघ म्हणजे आपला गट समजा. खाली डिस्ट्रिक्ट कौन्सिल, ती साधारण पंचायत समिती आणि नगरपालिका यांचं मिश्रण, आणि त्याखाली पॅरिश म्हणजे ग्रामपंचायत. फरक असा की आपल्याकडे गट आणि गणाचं मतदान एकाच दिवशी उरकतं, इथे डिस्ट्रिक्टची निवडणूक वेगळ्या वर्षी. अध्यक्षाच्या जागी 'लीडर', विषय समितीच्या सभापतींच्या जागी 'कॅबिनेट मेंबर'. आरक्षण नाही, सोडत नाही. अनामत रक्कमही नाही! उमेदवारी अर्जावर एक सूचक, एक अनुमोदक, झालं.

क्रमांकाचं: कुठला कागद कुणाला दिला याची यादी वेगळी, सीलबंद. न्यायालयाने सांगितलं तरच उघडायची. मलाही पहिल्यांदा कळलं तेव्हा दचकायला झालं होतं.

—

हर्टफर्डची_माई
३ मे, २:१५

आमच्या हर्टफर्डशरमध्ये ७८ जागा. लिबरल डेमोक्रॅट ३१, हुजूर २२, रिफॉर्म १४, बाकी किरकोळ. बहुमत कुणालाच नाही. लंडनला गाडीने रोज जाणारे लोक इथे बरेच, त्यांनी हुजूर पक्षाचा राग लिबरल डेमोक्रॅटांच्या पिवळ्या पेटीत टाकला, फिरोजीत नाही. ऑक्सफर्डशरमध्ये तर ६९ पैकी ३६ पिवळे, रिफॉर्मला एक. केंब्रिजशरही पिवळंच. तेव्हा 'सगळा इंग्लंड रिफॉर्मकडे गेला' असं कुणी म्हणत असेल तर नकाशा नीट बघा म्हणावं.

बाकी मी यंदा पहिल्यांदा मत दिलं. आठ वर्षं इथे राहून मला माहीतच नव्हतं की भारतीय पासपोर्टवर मत देता येतं! राष्ट्रकुलातले म्हणून आपल्याला पार्लमेंटपासून पॅरिशपर्यंत सगळीकडे मताधिकार आहे, नाव नोंदवलेलं पाहिजे एवढंच. चर्चच्या हॉलमध्ये केंद्र. टेबलावरच्या आजोबांनी माझा निळा पासपोर्ट उलटसुलट करून बघितला, शेजारच्या बाईंना दाखवला, त्यांनी यादीवर बोट ठेवलं: राष्ट्रकुल देशाचा पासपोर्ट, चालतो. दोरीला बांधलेली पेन्सिल, पडद्याआड फळी. बाहेर दाराशी एक कुत्रा मालकिणीची वाट बघत बसलेला. बोटाला शाई नाही, त्यामुळे घरी येऊन सेल्फी काढायची राहिलीच.

—

नाकासमोर
३ मे, ३:५०

सगळे विरोधात लिहितायत तर मी सांगतो. मी रिफॉर्मला मत दिलं. राहतो टॅमवर्थला, म्हणजे स्टॅफर्डशर. ६२ पैकी ४९ आमच्या. मी २००३ ला आलो, प्रत्येक व्हिसाची फी भरली, इंग्रजीची परीक्षा दिली, 'लाइफ इन द यूके'ची पाठांतरं केली, मग नागरिक झालो. एवढं करून वर्षानुवर्षं बघतोय की दर वर्षी कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) ४.९९ टक्क्यांनी वाढतो आणि सेवा कमी होतात. हुजूरांना मत दिलं, मजूरांना दिलं. आता तिसऱ्याला देऊन बघतो. यात वर्णद्वेष कुठे आला? लोकांना मूर्ख समजणं थांबवा.

—

मेडस्टनमुक्कामी
३ मे, ४:२०

नाकासमोर, मूर्ख कुणी म्हटलं नाही. ४.९९ चं कारण मात्र तुम्हीच बघा. ५ टक्के आणि त्यावर वाढवायचं तर सार्वमत घ्यावं लागतं, म्हणून प्रत्येक कौन्सिल त्या रेषेच्या एक पाऊल अलीकडे थांबते. आणि त्यातले २ टक्के खास प्रौढांच्या शुश्रूषेसाठीच राखलेले असतात. नवा पक्ष आला म्हणून म्हातारे कमी होणार नाहीत.

बोटींबद्दल मी वर जरा सरसकट लिहिलं, दुरुस्त करतो. बोटी अडवणं काउंटीच्या हातात नाही हे खरं, पण बोटीतून एकटी येणारी अल्पवयीन मुलं डोव्हरला उतरली की कायद्याने केंट काउंटीच्या ताब्यात येतात. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की ही जबाबदारी केंटला झटकता येणार नाही. म्हणजे बोटी आणि काउंटी यांचा संबंध आहे. तो मुलांच्या जेवणाखाणाचा आणि निवाऱ्याचा आहे, आणि त्यात 'नाही' म्हणायची सोय नवीन सत्ताधाऱ्यांनाही नाही.

—

लेस्टरवाला
३ मे, ५:०२

आम्ही लेस्टर शहरवाले नुसते प्रेक्षक. शहर वेगळं, काउंटी वेगळी, त्यामुळे मत नव्हतं. पण रिंगरोडच्या पलीकडे माझे साडू राहतात, त्यांना होतं. लेस्टरशर काउंटी: ५५ पैकी रिफॉर्म २५, हुजूर १५, लिबडेम ११. त्रिशंकू.

साडूंचं घर आमच्यापासून चालत दहा मिनिटं. त्यांचा कचरा एक संस्था उचलते आणि त्याची विल्हेवाट दुसरी लावते. आमचं दोन्ही एकच. साडूंना हे बावीस वर्षांत ठाऊक नव्हतं, काल निकालाच्या निमित्ताने मी सांगितलं. मत मात्र 'कचरा वेळेवर उचलत नाहीत' म्हणून दिलेलं. चुकीच्या दारात राग काढलाय त्यांनी, हाहा.

—

हर्टफर्डची_माई
३ मे, ५:१०

खिक्. साडूंना हे छापून दाखवू नका म्हणजे झालं.

—

रात्रपाळी
४ मे, पहाटे ४:४५

नाव बघताय ना, तशीच वेळ. मी लिंकनशरमध्ये एका केअर होममध्ये आहे, केअर व्हिसावर. गाव कोल्हापूरजवळ. आमच्या पाळीत केरळ, झिम्बाब्वे, नायजेरिया आणि मी. इंग्रज एकच, ती मॅनेजर.

लिंकनशरमध्ये ७० पैकी ४४ रिफॉर्म, आणि नव्या महापौरपदावर अँड्रिया जेंकिन्स, त्याही रिफॉर्मच्याच.

एक सांगते. आमच्याकडे एक आजोबा आहेत, एकोणनव्वद वर्षांचे, पूर्वी बटाट्याची शेती होती. त्यांचं मत पोस्टाने. एप्रिलमध्ये पाकीट आलं, त्यांनी थरथरत्या हाताने फुली मारली, सही केली, एक पाकीट दुसऱ्या पाकिटात घातलं आणि मला म्हणाले, पोस्टात टाकशील का. कुणाला दिलं ते मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. फिरोजी. मी ड्यूटी संपवून कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून आले. मैत्रीण म्हणाली, टाकलंस कशाला? आता काय म्हणणार तिला. त्यांचं मत होतं, टाकलं.

परवा निकाल लागल्यावर सकाळी सहाला मी त्यांना कुशीवर वळवत होते. म्हणाले, 'आता तरी देश सुधारेल.' मी म्हटलं, 'गुडघा जरा वर घ्या.'

—

चहाचा_कप
४ मे, सकाळी ९:१५

रात्रपाळी, शेवटची ओळ वाचून हसू का रडू कळेना.

माझा प्रश्न अगदी घरगुती. आम्ही टनब्रिज वेल्सला. केंटमध्ये अजून ३२ ग्रामर स्कूल (परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा) आहेत आणि अकरावीला प्रवेश देणारी, आपलं ते अकराव्या वर्षाची, केंट टेस्ट काउंटीच घेते. ती बंद तर होणार नाही ना? मुलगा सप्टेंबरमध्ये बसणार आहे. दोन वर्षं घासतोय.

—

मेडस्टनमुक्कामी
४ मे, ९:३०

ताई, रिफॉर्म ग्रामर स्कूलच्या बाजूची आहे, निवांत राहा. मुलाला शब्दकोडी सोडवू द्या.

—

आकडेमोड
४ मे, ११:००

एकाने तरी हे लिहायला हवं. केंटमध्ये रिफॉर्मला मतं ४० टक्क्यांच्याही आत, जागा ७० टक्के. हुजूर पक्षाला साधारण पाचातलं एक मत, जागा ८१ पैकी ५. ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून, ही पद्धत दोन पक्ष असताना बरी चालते. पाच पक्ष रिंगणात उतरले की तीस टक्क्यांवरही माणूस निवडून येतो. बीबीसीने देशभराचा अंदाज काढलाय: रिफॉर्म ३०, मजूर २०, लिबडेम १७, हुजूर १५, ग्रीन ११. दोन मोठे पक्ष मिळून ३५! असलं चित्र आधी कधी दिसलं नव्हतं.

फार लांब जायला नको. २०१३ मध्ये याच केंटमध्ये यूकिपचे, म्हणजे फराज यांच्या आधीच्या पक्षाचे, १७ सदस्य निवडून आले होते. तेव्हाही 'भूकंप' असेच मथळे. २०१७ मध्ये किती उरले? शून्य.

आणि एकेका मताचं महत्त्व म्हणाल तर परवाच रंकॉर्न-हेल्सबीची पोटनिवडणूक होती, पार्लमेंटची. फेरमोजणी होऊन रिफॉर्मची सरशी, फरक ६ मतांचा. २०१७ मध्ये नॉर्थम्बरलंड काउंटीत दोघांची मतं अगदी सारखी झाली, तेव्हा काड्या ओढून निकाल लावला. ज्याची काडी आखूड निघाली तो हुजूर पक्षाचा होता आणि त्या एका काडीने त्यांचं बहुमत हुकलं.

—

कृष्णाकाठ
४ मे, दुपारी १:४०

आमच्याकडे समसमान झालं की चिठ्ठी. लहान मुलाला बोलावून काढायला लावतात.

—

जुनी_वही
५ मे, सकाळी ८:२०

थोडा इतिहास, अवांतर वाटलं तर सोडून द्या.

इंग्लंडमधल्या निवडून आलेल्या काउंटी कौन्सिलांचा कायदा १८८८ चा, पहिली निवडणूक जानेवारी १८८९ मध्ये. त्याआधी काउंटीचा कारभार सरदार-जमीनदार न्यायाधीश म्हणून बसून बघायचे, निवडणूक वगैरे काही नाही. आता आपल्याकडे बघा. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा आणि मुंबई इलाख्याचा लोकल बोर्ड कायदा १८८४ चा. म्हणजे आपली जिल्हा लोकल बोर्डं, कितीही लंगडी असली, कलेक्टर डोक्यावर बसलेला असला, तरी केंट काउंटी कौन्सिलपेक्षा वयाने मोठी! पुढे १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. परवा केंटमध्ये मतदान झालं तीही तारीख १ मे.

—

कृष्णाकाठ
५ मे, ९:०५

वा, वहीसाहेब. आणि त्याच झेडपीत मार्च २०२२ पासून प्रशासक बसलाय. तीन वर्षं सभागृहाला कुलूप. तुमच्याकडे निदान हरायला तरी मिळतं.

—

वोकिंगकर
५ मे, १०:१२

काका, आमच्याकडेही नाही मिळालं. सरेची निवडणूक सरकारने वर्षभर पुढे ढकलली. एसेक्स, हँपशर, नॉरफक, सफक, दोन्ही ससेक्स, सगळ्यांची. कारण काय, तर काउंटी आणि डिस्ट्रिक्ट हे दोन थर मोडून एकच करायचा आहे, डिसेंबरमध्ये तशी श्वेतपत्रिका काढलीय. मोडायच्या घराला रंग कशाला द्या, असा युक्तिवाद. पटतो थोडा, पण जुनेच लोक आणखी वर्षभर खुर्चीत हेही बरोबर नाही.

आणि केंटही त्याच यादीत येणार आहे मोडायला. तेव्हा ५७ जणांना चार वर्षं पुरी मिळतील का, हा प्रश्नच आहे.

—

नाकासमोर
५ मे, ११:३०

हरायची भीती वाटली की ढकला पुढे. जगभर एकच रीत.

—

कृष्णाकाठ
६ मे, रात्री ९:५०

आनंदाची बातमी! सर्वोच्च न्यायालयाने आज सांगितलं, महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढा आणि चार महिन्यांत मतदान उरका. धाग्याचा पायगुण.

—

रात्रपाळी
१३ मे, पहाटे ५:१०

काल सरकारची स्थलांतराची श्वेतपत्रिका आली. परदेशातून केअर वर्कर आणणं बंद करणार. इथे कायम राहायची परवानगी पाचऐवजी दहा वर्षांनी देण्याचा विचार. हे रिफॉर्मचं सरकार नाही हं, मजूर पक्षाचं आहे. निकाल लागून बारा दिवससुद्धा झाले नाहीत.

मला इथे अडीच वर्षं झाली. पाच धरून हिशेब केला होता, मुलीला आईकडे ठेवलंय.

—

नाकासमोर
१३ मे, सकाळी ७:४५

रात्रपाळी, तुमच्यासारख्यांना त्रास व्हावा म्हणून मी मत दिलं नव्हतं. हे मनापासून लिहितोय.

—

हर्टफर्डची_माई
१३ मे, ८:०५

विश्वास आहे हो तुमच्यावर. पण मतपत्रिकेत 'हे सोडून' असं लिहायला जागा नसते ना.

माझ्या मैत्रिणीचा मुलगा विशेष गरजा असलेला आहे, कुठली काउंटी ते लिहीत नाही. त्याच्या शाळेतल्या मदतीचा आराखडा काउंटीकडून वीस आठवड्यांत मिळायचा असा नियम, पन्नास झाले. तिने कुणाला मत दिलं असेल ते ओळखा. तीही आपल्यासारखीच बाहेरून आलेली. म्हणाली, जो कुणी दार हलवेल त्याला देणार.

—

मेडस्टनमुक्कामी
२३ मे, संध्याकाळी ७:००

काल सेशन्स हाउसमध्ये, म्हणजे काउंटीच्या मुख्यालयात, नव्या कौन्सिलची पहिली सभा झाली. लीडर लिंडन केमकॅरन, पूर्वी बीबीसीत पत्रकार होत्या. सत्ताधारी बाकांवर बहुतेकांची ही पहिलीच कौन्सिल. सभागृहातला युक्रेनचा झेंडा हलवायचा निर्णय त्यांनी आल्या आल्या घेतला, चर्चा त्याचीच.

परवा बाजारात ती निळ्या फुलाची बाई दिसली. मला ओळखलं नाही. भाजी निवडत होती.

—

लेस्टरवाला
२३ जुलै, दुपारी १:१५

धागा वर काढतो. शेजारच्या वॉरिकशरमध्ये काल जॉर्ज फिंच रीतसर लीडर झाला. वय वर्षं १९. मे महिन्यात निवडून आलेल्या लीडरने तब्येतीमुळे पद सोडलं, तेव्हापासून हाच हंगामी होता, त्या वेळी तर १८ चा. आमचा चिरंजीव याच वयाचा, त्याला घरातली कचऱ्याची पेटी गुरुवारी बाहेर ठेवायची आठवण करावी लागते.

—

आकडेमोड
२३ जुलै, २:०२

वयावरून बोलणं मला पटत नाही. चुकला तर कामावरून बोला.

—

लेस्टरवाला
२३ जुलै, २:०९

बरं बुवा. शब्द मागे. चिरंजीवाबद्दलचे तेवढे ठेवतो.

—

मेडस्टनमुक्कामी
८ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

सहा महिने झाले, हिशेब लिहितो.

जूनच्या सुरुवातीला रिफॉर्मची उधळपट्टी शोधणारी टीम वाजतगाजत सर्वांत आधी केंटमध्ये आली. ऑक्टोबरमध्ये शुश्रूषा खात्याच्या कॅबिनेट सदस्या एका वर्तमानपत्राला म्हणाल्या की सेवांची आधीच हाडं उरली आहेत, कौन्सिल टॅक्स बहुधा ५ टक्क्यांच्या आसपास वाढवावा लागेल. म्हणजे तेच ४.९९. त्याच महिन्यात सत्ताधारी गटाच्या ऑनलाइन बैठकीचं चित्रण बाहेर फुटलं, आपसातली खडाजंगी जगाने बघितली आणि काही सदस्य निलंबित झाले. सत्तावन्न राहिले नाहीत आता.

पण मला सगळ्यात विशेष वाटली ती दुसरीच गोष्ट. केअर व्हिसा बंद केल्याने शुश्रूषेचं काम कोलमडेल, असं गृहमंत्र्यांना पत्र लिहून कुणी कळवलं? केंट काउंटी कौन्सिलने. रिफॉर्मच्या केंटने.

—

नाकासमोर
८ नोव्हेंबर, ११:१५

वाचलं. करवाढीवर बोलायला तोंड नाही मला, कबूल. पण त्या पत्राबद्दल त्यांना हसू नका. खुर्चीत बसल्यावर कळलं आणि लिहिलं, हे बरंच झालं की.

—

मेडस्टनमुक्कामी
८ नोव्हेंबर, ११:२०

हसत नाहीये. हेच म्हणतोय.

—

चहाचा_कप
८ नोव्हेंबर, दुपारी १२:००

आमचा निकाल ऑक्टोबरमध्येच लागला. केंट टेस्ट पास! आता बसच्या पासाचे पैसे बघून घाम फुटलाय, तोही काउंटीचाच.

—

कृष्णाकाठ
८ नोव्हेंबर, १२:४५

चिरंजीवांचं अभिनंदन. इकडे नगरपरिषदांची घोषणा झाली, २ डिसेंबरला मतदान. झेडपीचं अजून काही नाही. चार महिने म्हणता म्हणता सहा झाले. आमच्या गल्लीत तीन इच्छुक आहेत आणि तिघांनीही मला 'काका, मार्गदर्शन करा' म्हणून पेढे आणून दिलेत. तिन्ही पेढे खाल्ले.

—

रात्रपाळी
९ नोव्हेंबर, पहाटे ४:२०

२२ जुलैपासून बाहेरून नवीन कुणी येत नाही. झिम्बाब्वेची मैत्रीण ऑगस्टमध्ये सोडून गेली, तिच्या जागी अजून कुणी नाही. रात्री तिघींचं काम दोघी करतो. आजोबांना वळवायला दोघी लागतात, त्यामुळे आता आधी बाराव्या खोलीतल्या आजींचं आटपायचं, मग त्यांच्याकडे. ते घड्याळ बघत असतात. काल म्हणाले, वीस मिनिटं उशीर झाला.

बेल वाजतेय. नंतर लिहिते.